आकडे शाबूत, नावे गहाळ

संगीताचा संग्रह संगणकावर ठेवणाऱ्यांत एक समजूत पक्की रुजली आहे. एमपीथ्रीत आवाजाचा काही भाग टाकून दिला जातो, 'लॉसलेस' फॉरमॅटमध्ये काहीच टाकले जात नाही. तेव्हा वेव्हचे फ्लॅक करा, फ्लॅकचे अ‍ॅपलचे अ‍ॅलॅक करा, पुन्हा वेव्हवर या, संग्रह जसाच्या तसा राहणार. या भरवशावर लोक एका रात्रीत हजारो फाइली एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेतात आणि सकाळी जुन्या फाइली पुसून टाकतात. माझे म्हणणे असे की 'लॉसलेस' हा शब्द ध्वनीच्या आकड्यांपुरता खरा आहे, आणि संग्रह त्या आकड्यांपेक्षा पुष्कळ मोठा असतो. कोण गात आहे, राग कोणता, तबल्यावर कोण, मैफल कुठे आणि केव्हा झाली, स्पूल कोणत्या वेगाने वाजवून उतरवला, हे सगळे संग्रहातच मोडते, आणि रूपांतरात नेमके हेच सांडते. म्हणून 'कोणता फॉरमॅट चांगला वाजतो' या प्रश्नावर निवड करणे व्यर्थ आहे. ध्वनीसोबतची माहिती कोण वाहून नेतो, आणि आकडे बिघडले तर कोण सांगतो, या दोन प्रश्नांवर ती व्हायला हवी.

विकत मिळणाऱ्या संगीतात हा प्रश्न फारसा जाचत नाही. सीडी हरवली तर दुसरी मिळते, नावे कंपनीच्या यादीत असतात. मुंबईच्या गिरगावात प्रकरण वेगळे आहे. लक्ष्मीबागेतल्या मैफली, ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवातली गाणी, प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये काढलेल्या ऑपेरा हाउसजवळच्या विद्यालयातल्या बैठका... या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे झाले, आणि टेपरेकॉर्डर घरांत आल्यावर त्यातले काही खासगी स्पूलवर उतरले. इथल्याच खोताच्या वाडीत याला आणखी एक पदर आहे. दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर वसलेल्या या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे राहतात; त्यांची बोली मराठी, लग्नातली गाणी मराठी. समजा, वाडीतल्या एका घराच्या कपाटात मैफलींचे स्पूल आहेत, घरच्या लग्नांच्या कॅसेटी आहेत आणि थोड्या ७८च्या तबकड्या आहेत. स्पूल आणि कॅसेटींची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसणार. पुढचा सगळा युक्तिवाद अशा कपाटासाठी आहे.

१. वचन कुठवर पोचते

सीडीवरचा ध्वनी म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि अशा दोन वाहिन्या. एका तासाला सुमारे ६३५ एमबी. वेव्ह (१९९१) आणि अ‍ॅपलचे एआयएफएफ (१९८८) हे आकडे जसेच्या तसे मांडून ठेवतात. फ्लॅक ते आटोपशीर करते. मागच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा ते अंदाज बांधते आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहून ठेवते. अंदाज बांधण्याची रीतही फाइलीतच असल्यामुळे उलगडताना मूळ आकडा तंतोतंत परत मिळतो. फाइल साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश आकाराची होते. आकार लहान करण्याच्या शून्य ते आठ पायऱ्या असतात. त्यांनी आवाजात काडीचा फरक पडत नाही, फक्त फाइल थोडी लहान होते आणि यंत्राला वेळ जास्त लागतो.

जॉश कोल्सन यांनी फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ मध्ये दिली. अ‍ॅपलने २००४ मध्ये स्वतःचे अ‍ॅलॅक आणले आणि २०११ मध्ये त्याचा कोड खुला केला. त्याच्याही आधीपासून वेव्हपॅक आहे. या सगळ्यांनी दिलेले वचन एकच: आत गेलेले नमुने तेच बाहेर येतील. ते वचन ते पाळतात. त्यापलीकडच्या कशाचीही हमी त्या शब्दात नाही.

२. आवाजाचा वाद मिटलेला आहे

वेव्ह मोकळे वाजते, फ्लॅक कोंदट वाजते, असे सांगणारे जाणकार मंडळींतही भेटतात. हा वाद मतांवर सोडण्याची गरज नाही, कारण तो मोजता येतो. फ्लॅक बनवणारा प्रोग्रॅम मूळ नमुन्यांवरून ३२ अक्षरांची एमडी५ खूण काढून फाइलीच्या माथ्यावर लिहून ठेवतो. फाइल उलगडून तीच खूण पुन्हा काढली आणि दोन्ही जुळल्या, की यंत्राला मिळणारे आकडे एकच आहेत. एकाच आकड्यांपासून दोन वेगळे आवाज निघत नाहीत. फरक ऐकू आलाच, तर वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने एका फाइलीचा आवाज वरखाली केला आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते.

संग्राहकांची शक्ती या वादात खर्च होते याचे मला खरोखर वाईट वाटते. त्याच संध्याकाळी चार स्पूलांवरची नावे लिहून झाली असती.

३. आकडेही बदलतात, पण दुसऱ्या दाराने

'लॉसलेस' फॉरमॅटमध्ये नेले म्हणजे रूपांतर लॉसलेस झालेच, असेही नाही. फॉरमॅट सच्चा असतो. त्याच्याकडे पोचण्याआधी प्रोग्रॅम काय करतो, ते तपासावे लागते.

ध्वनी संपादनाचे अनेक प्रोग्रॅम आतून ३२ बिट दशांश आकड्यांत काम करतात. फ्लॅकमध्ये दशांश आकडे मावत नाहीत, पूर्णांकच मावतात. त्यामुळे अशी वेव्ह फाइल फ्लॅकमध्ये नेताना ती २४ बिटांवर आणली जाते आणि बहुधा त्यात जाणूनबुजून बारीकसा गोंगाटही मिसळला जातो. कानाला हे कळणार नाही, पण हे रूपांतर लॉसलेस नव्हे. दशांश आकडे तसेच ठेवायचे असतील तर वेव्हपॅक ते करते. दुसरा सापळा ठरावीक सेटिंगचा: ९६,००० नमुन्यांची फाइल घातली आणि प्रोग्रॅमने मुकाट्याने ४४,१००ची काढून दिली. तिसरा सापळा एका वाहिनीचा. जुना स्पूल मोनो आहे म्हणून दोन वाहिन्या मिसळून एक केली, की मागे फिरता येत नाही. टेपयंत्राचे हेड जरासे तिरके असेल तर त्या दोन वाहिन्यांत सूक्ष्म फरक असतो आणि पुढे दुरुस्तीला तोच उपयोगी पडतो. एमपीथ्रीचे फ्लॅक करून ते 'लॉसलेस' म्हणून पुढे देणे ही तर सरळ फसवणूक आहे. जे टाकून दिले गेले ते परत येत नाही. फाइल मोठी होते आणि तिच्या जन्माची खूण पुसली जाते.

हे सापळे ओळखणे सोपे आहे. रूपांतराच्या आधी आणि नंतर नमुन्यांचा दर, बिटांची संख्या, वाहिन्या आणि अवधी जुळवून पाहायचा. खरी गळती पुढे आहे.

४. नावे कुठे सांडतात

आधी तांत्रिक बाजू. प्रसारण संस्थांसाठी वेव्हची 'ब्रॉडकास्ट वेव्ह' नावाची आवृत्ती १९९७ मध्ये आली. तिच्यात ध्वनीच्या शेजारी एक कप्पा असतो: वर्णन, मुद्रण करणाऱ्याचे नाव, तारीख, आणि ध्वनी कोणकोणत्या यंत्रांतून आला त्याचा इतिहास. ही फाइल नेहमीच्या रीतीने फ्लॅकमध्ये नेली, तर तो कप्पा मागेच राहतो. फ्लॅकच्या प्रोग्रॅमला परका मजकूर सांभाळण्याची वेगळी सूचना द्यावी लागते, आणि ती कोणी देत नाही. नमुने शंभर टक्के शाबूत, खूण जुळली, प्रोग्रॅमने यश कळवले. आणि मैफलीची तारीख गेली. 'लॉसलेस' शब्दाच्या मर्यादेचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

मराठी संग्रहाला यापुढची अडचण आहे. त्या कप्प्यात मुळात रोमन अक्षरांचीच सोय आहे. साध्या वेव्हमधल्या माहितीच्या रकान्यांत लिपी कोणती हे ठरलेले नाही, म्हणून 'मारवा' लिहिलेले दुसऱ्या संगणकावर प्रश्नचिन्हांची रांग होऊन उघडते. फ्लॅकमधले रकाने, ज्यांना व्हॉर्बिस कॉमेंट म्हणतात, पहिल्यापासून यूटीएफ-८ मध्ये आहेत. देवनागरी तिथे निर्धास्त राहते. शिवाय रकान्याचे नाव आपण ठरवू शकतो, फक्त ते नाव रोमन अक्षरांत लिहावे लागते. 'राग', 'ताल', 'तबला', 'यजमान', 'स्थळ' असे रकाने करायला कोणाची परवानगी लागत नाही. अ‍ॅलॅकची फाइल एमपी४च्या पेटीत बसते. तिथे ठरावीक रकाने आहेत, आणि स्वतःचे रकाने करता आले तरी दुसरा प्रोग्रॅम ते दाखवेल याचा भरवसा नाही. फ्लॅकमधून अ‍ॅलॅकमध्ये नेताना 'गायक' बहुधा तरतो, 'साथ' सांडते.

युनिकोडच्या आधीच्या याद्यांचे दुखणे निराळे. १९९०च्या दशकात ज्यांनी मेहनतीने संगणकावर सूची केल्या, त्यांनी त्या शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटांत टाइप केल्या. तिथे 'क' दिसतो तो फाँटमुळे. फाइलीत असते ते रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह. ती सूची टॅगांत चिकटवली की निरर्थक अक्षरांची माळ होते. ध्वनीच्या रूपांतराआधी अशा सूचीचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आवश्यक आहे, आणि जोडाक्षरे, रफार, वेलांट्या माणसाने डोळ्यांखालून घालायला हव्यात.

मात्र तांत्रिक गळतीहून खोल असलेली गळती रकान्यांच्या कल्पनेतच आहे. कलाकार, अल्बम, गाणे: ही त्रयी विकायच्या तबकडीसाठी बनली. मैफल तिच्यात बसत नाही. एका स्पूलवर यमन संपतो, मध्ये पान-सुपारीची बोलणी होतात, कोणी फर्माईश करते आणि नाट्यपद सुरू होते. इथे 'अल्बम' काय? ईस्ट इंडियन लग्नात उंबराच्या पाण्याच्या विधीच्या वेळी बायका मिळून गातात. त्यांत 'कलाकार' कोण? त्या ध्वनीची ओळख विधीने, गावठाणाने आणि घराने ठरते, गायिकेच्या नावाने नाही. हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवर संगीतकाराचे नाव असते. सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या संयोजकाने वाद्यमेळ लिहिला, हे बहुधा नसते. रकाना नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून शोधायला गेले तर माणूस नाही, अशी ही साखळी आहे. फॉरमॅट निवडताना आपण कोणाची नोंद राहील हेही निवडत असतो.

नाव ध्वनीसोबतच जायला हवे, हे पहिल्या ध्वनिमुद्रकांना कळत होते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गेसबर्ग कोलकात्यात मुद्रण करायला आला तेव्हा गायिका गौहर जानने गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या होत्या आणि तिथल्या कारागिरांना लेबलवर काय छापायचे ते कळायला हवे होते. माहिती ध्वनीतच गुंफून पाठवण्याची ती युक्ती होती. आज कुणी 'गाण्याआधीचा आणि नंतरचा फालतू भाग' कापून फाइल नीटनेटकी केली, तर ती पुकार कापली जाईल.

याच्या उलट बाजूला उस्ताद अल्लादिया खाँ आहेत. १९४६ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखल्यांचेही नाही. तरी अल्लादियांच्या बंदिशी, त्यांचे अनवट राग, गुरुशिष्यांची साखळी आपल्याला ठाऊक आहे, कारण केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी ते गळ्यात आणि इतरांनी कागदावर, नावानिशी जपले. ध्वनीचा एक सेकंदही नसताना परंपरा ओळखता येते. आणि दोन तासांचा स्वच्छ ध्वनी असून गाणारा कोण, राग कोणता, साल कोणते हे ठाऊक नसेल, तर तो स्पूल अभ्यासाला अर्ध्याहून कमी उपयोगाचा.

५. पहिले रूपांतर

आपण फॉरमॅट-फॉरमॅटमधल्या रूपांतराची चर्चा करतो, पण निर्णायक रूपांतर त्याआधीच होऊन गेलेले असते: स्पूलवरून संगणकावर. तिथे 'लॉसलेस' असे काही नसते. तिथे असतात निर्णय, आणि ते लिहून ठेवले नाहीत तर पुढचे प्रत्येक लॉसलेस रूपांतर त्यांतली चूक इमानाने जपत राहते.

वेगाचेच घ्या. घरगुती स्पूल बहुधा सेकंदाला पावणेचार किंवा साडेसात इंचांच्या वेगाने भरलेले, पण यंत्रे थोडी हळू-जलद चालत. वेगात सहा टक्के चूक म्हणजे अर्ध्या स्वराची चूक: काळी एकमध्ये गाणारी गायिका पांढरी दोनमध्ये गायल्यासारखी ऐकू येते, आणि लयही तेवढीच चढते. आवाज तरुण वाटतो, तान जास्त दाणेदार वाटते, आणि त्यावरून टीकाकार मत बनवतो.

याचा उलगडा कधीकधी स्पूलवरच सापडतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. मुद्रणाच्या वेळी विजेची गुणगुण टेपवर उतरली असेल, तर उतरवलेल्या फाइलीत ती ५० वर दिसली पाहिजे. ती ५३च्या आसपास दिसत असेल, तर टेप सहा टक्के जलद वाजली आहे. मात्र ती गुणगुण मूळ मुद्रणातली आहे, उतरवताना आपल्याच वायरीतून शिरलेली नाही, याची खात्री करावी लागते. ज्याला आपण खराबी म्हणून गाळतो तोच वेगाचा साक्षीदार असतो. पार्श्वभूमीच्या आवाजांचेही तसेच. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची बंद झाली. वाडीच्या खिडकीतून भरलेल्या टेपमध्ये ट्रामची घंटा ओळखू आली, तर ती टेप त्यानंतरची नाही एवढे नक्की.

म्हणून आवाज 'साफ' करून मगच साठवण्याच्या प्रथेला माझा ठाम विरोध आहे. तिला फाइल आटोपशीर होण्याचे आमिषही जोडलेले असते. टेपची खरखर स्वभावतःच अंदाजात न बसणारी, त्यामुळे २४ बिटांच्या जुन्या मुद्रणाच्या फ्लॅकचा आकार गाण्यापेक्षा खरखरीनेच जास्त ठरतो. खरखर काढली की फाइल भराभर लहान होते. साफ केलेली प्रत ऐकायला जरूर असावी. साठवणीची प्रत मळकीच हवी.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: डिस्क स्वस्त झाल्या आहेत, वेव्हच ठेवा, फ्लॅकची यातायात कशाला? स्वस्ताई जागेची आहे, विश्वासाची नाही. वेव्हमध्ये स्वतःची खूण नसते. डिस्कवर चार बाइट सडले तरी फाइल उघडते, वाजते, आणि कुठेतरी एक टिचकी ऐकू येते. ती मुळात होती की आता आली, हे ठरवता येत नाही. फ्लॅकमध्ये पूर्ण फाइलीची खूण असतेच, शिवाय प्रत्येक लहान तुकड्याचीही असते, त्यामुळे बिघाड कुठे आहे तेही कळते. अ‍ॅलॅकमध्ये ध्वनीची अशी खूण नाही. शिवाय साध्या वेव्हला ४ जीबीची मर्यादा आहे: ९६,००० नमुने, २४ बिट, दोन वाहिन्या धरल्या तर दोन तासांच्या थोडे पुढे. रात्रभराची मैफल सलग उतरवणाऱ्याला तिथे अडायला होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएएसए, साठवणीसाठी ब्रॉडकास्ट वेव्हच सुचवते, किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट. मोठ्या संस्था ते पाळतात. मग घरच्या संग्राहकाने वेगळी वाट का धरावी? कारण त्या शिफारशीमागे एक संस्था गृहीत आहे. तिथे सूचीकार असतो, खुणांची स्वतंत्र नोंदवही असते, ठरावीक काळाने तपासणी होते, डिस्क बदलण्यासाठी तरतूद असते. माहिती फाइलीबाहेर राहिली तरी ती सांभाळणारे हात असतात. खोताच्या वाडीतल्या कपाटाला असे कोणी नाही. ती फाइल पेनड्राइव्हवरून भाच्याकडे, भाच्याकडून मित्राकडे, यादीशिवाय एकटी जाणार. जी फाइल एकटी प्रवास करणार तिच्या पोटातच नाव, तारीख, तपासणीची खूण आणि स्पूलच्या डब्याचा फोटो हवा. हे चारही फ्लॅकमध्ये मावते. संग्रह पुढे एखाद्या संस्थेकडे गेला, तर त्यातून वेव्ह काढायला त्यांना काही मिनिटे लागतील.

तिसरा: आमच्याकडे सगळे वहीत लिहिलेले आहे. वही अमूल्य आहे, तिची पाने स्कॅन करून ठेवावीत. पण फाइलचे नाव बदलले की वहीतला क्रमांक आणि ध्वनी यांची फारकत होते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी जुन्या तबकड्यांचा माग काढण्याचे काम केले. अशा कामाला मोठा आधार तबकडीवरच्या मॅट्रिक्स क्रमांकाचा असतो. लेबल फाटले तरी तो क्रमांक राहतो, कारण तो वस्तूवरच कोरलेला आहे. फाइलीच्या पोटातली नोंदही तशीच टिकते.

फ्लॅक उद्या चालेनासे झाले तर, हा चौथा आक्षेप लवकर निकालात निघतो. त्याची रचना खुली आहे, डिसेंबर २०२४ मध्ये तिला प्रस्तावित इंटरनेट मानक म्हणून आरएफसी ९६३९ हा क्रमांकही मिळाला, आणि ती वाचणारे प्रोग्रॅम अनेकांनी स्वतंत्रपणे लिहिलेले आहेत. एखाद्याच्या फोनवर अ‍ॅलॅकच सोयीचे असेल, तर फ्लॅकवरून वापरापुरती अ‍ॅलॅक प्रत काढावी आणि कंटाळा आला की पुसावी.

७. कामाचा क्रम

यातून क्रम आपोआप ठरतो. स्पूल २४ बिट, ९६,००० नमुन्यांवर, काहीही न कापता उतरवायचा. यंत्र कोणते, वेग कोणता, उतरवले कोणी आणि केव्हा, हे त्याच दिवशी लिहायचे. डब्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे. मग फ्लॅक, परक्या मजकुराची सूचना देऊन. मग खुणा तपासायच्या, आणि दोन वेगळ्या घरांत दोन प्रती ठेवायच्या. जुन्या फाइली लगेच पुसायच्या नाहीत. स्पूल तर टाकायचाच नाही, कारण उद्या अधिक चांगले यंत्र आणि अधिक जाणता माणूस मिळू शकतो.

सर्वांत जास्त वेळ ओळख पटवण्याला द्यायचा. फॉरमॅटचे काम यंत्र रात्रीतून उरकते; तासाभराच्या टेपला मात्र ऐकणाऱ्याचा तास लागतोच. ठेक्यावरून तबलजी, खोकल्यावरून यजमान आणि दादेवरून घर ओळखणारी माणसे गिरगावात अजून आहेत, म्हणून हे आधी करायचे. ती जे सांगतील ते शंकेसकट नोंदवायचे: तबला बहुधा अमुक यांचा, ओळखले कोणी, कोणत्या महिन्यात. पुढे दुसऱ्या कोणी वेगळे नाव सांगितले तर पहिले खोडू नये. व्हॉर्बिस कॉमेंटमध्ये एकाच नावाचा रकाना दोनदा लिहिता येतो, आणि दोन्ही नोंदी सांगणाऱ्याच्या नावासह शेजारी शेजारी राहतात.